हातगुण आणि इंजेक्टर

आमची मोटारसायकल माझी मुलगी आरोही हिच्या हाताने सुरू होत असे आणि उत्तम चालत असे. माझी पत्नी पूर्णिमा, समोरचे मारुतीराव आणि निपाणीचे श्रीपालअण्णा यांच्या हातानेही ती सुरू होत असे आणि उत्तम चालत असे. मी सुरू केली की ती खोकत असे, आणि चढ आला की बंद पडत असे.

मी बेळगावच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. हे मी ओळख म्हणून सांगत नसून तक्रार म्हणून सांगत आहे. शहापुरातल्या आमच्या घराच्या फाटकावर ‘येथे लिंबू-मिरची बांधू नये’ अशी पाटी आहे. ती मी स्वतः रंगवली आहे. तिन्हीसांजेला ट्यूबलाइट लावल्यावर पूर्णिमा हात जोडते आणि मी जोडत नाही. काचेच्या नळीत कोंडलेली पाऱ्याची वाफ नमस्कारास पात्र कशी, हा प्रश्न मी लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात विचारला होता. त्यावर ती म्हणाली होती, “अहो, नळीला नाही, उजेडाला करते.” या उत्तराचे खंडन मला अद्याप सुचलेले नाही, ही गोष्ट वेगळी. सांगायचा मुद्दा असा, की गल्लीत कोणाच्या हाताने गाडी बंद पडावी हे नियतीने ठरवले असते, तर तिने माझीच निवड केली असती. आणि नियती असते हे मला मान्य नसल्यामुळे माझी पंचाईत दुहेरी होती.

गाडी मुळात साधी, मी कॉलेजला नेत असे ती. आरोही यंत्र अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला गेली आणि तिने प्रकल्पासाठी ती मागितली. मी दिली. परत पाहिली तेव्हा जुना सिलिंडर जाऊन त्या जागी मोठा आला होता, हवा आत घेणारे नळकांडे मनगटाएवढे झाले होते, आणि बैठकीखाली एक काळी डबी बसली होती. ती गाडीचा संगणक. इंजिनाला प्रत्येक क्षणी पेट्रोल किती द्यायचे हे तो ठरवतो आणि इंजेक्टर नावाची बारीक तोटी तेवढे फवारते. एका वेळचा डोस साबुदाण्याच्या दाण्याएवढा, तोही धुक्यासारखा फोडलेला, आणि इंजिन जोरात असताना एका सेकंदात कितीतरी वेळा. हे आरोहीने मला अंगणात बसून समजावले. मी वर्षानुवर्षे वायूंचे नियम शिकवले आहेत, पण माझ्याच मांड्यांच्या मधे ते इतक्या घाईने आणि इतक्या बिनचूक पाळले जात असतील, असे माझ्या मनात कधी आले नव्हते. मी बराच वेळ त्या डबीकडे पाहत राहिलो. पूर्णिमा म्हणाली, “माझ्याकडे असं कधी बघितलं न्हाईत.”

संगणकाला किती हवेला किती पेट्रोल हे शिकवावे लागते. त्याला ट्यूनिंग म्हणतात, आणि आमच्या भागात ते करणारे गृहस्थ निपाणीत आहेत, असे कळले. प्रकल्प सादर करण्याच्या दिवशी बाहेरगावचा परीक्षक येणार, तो स्वतः गाडी सुरू करणार आणि आरोहीच्या कॉलेजमागच्या चढावर नेऊन बघणार. आरोहीला पुण्याची नोकरी पदवीच्या अटीवर मिळालेली होती. गाडी त्या चढावर बंद पडली असती तर प्रकल्प पुढच्या वर्षी, पदवी पुढच्या वर्षी आणि नोकरी दुसऱ्याच कोणाला. म्हणून ट्यूनिंगची जबाबदारी मी अंगावर घेतली. आरोही नको म्हणत होती. तिचे ऐकले असते तर ही हकिगत लिहिण्याची वेळ आली नसती.

आता एवढा बदल केलेली गाडी रस्त्यावर आणायची म्हणजे परवानगी हवी. मी कायदा मानणारा माणूस असल्याने गाडी घेऊन संबंधित कार्यालयात गेलो. खिडकीवरच्या गृहस्थांनी सांगितले, की रंग बदलला असेल तर कार्यालयाच्या संगणकात जागा आहे, इंजिनाच्या पोटात बदल केला असेल तर जागा नाही; साहेबांना दाखवा. साहेब खाली आले. म्हणाले, “चालू करा.” मी चालू केली. ती तीनदा खोकली, एकदा धुराची उचकी दिली आणि गप्प झाली. साहेबांनी वाकून इंजिनाकडे पाहिले, मग सहानुभूतीने माझ्याकडे.

“इदु केट्टैत्रि, सर.” म्हणजे ही बिघडली आहे.

“नाही साहेब, हिच्यात सुधारणा केलेली आहे.”

“सुधारणेला परवानगी लागते. बिघाडाला लागत नाही. दुरुस्तीला न्या, आणि बरी झाली की मग या.”

अशा प्रकारे आमच्या सुधारणेची सरकारदरबारी पहिली नोंद बिघाड म्हणून झाली. मी गाडी टेंपोत घातली आणि निपाणीला नेली.

श्रीपालअण्णा हे निपाणीच्या तंबाखूच्या व्यापारी घराण्यातले. वडिलांच्या वखारीत तंबाखूच्या पोत्यांऐवजी आता मोटारसायकली असतात, पण वास आपली जागा सोडून गेलेला नाही. आत पाऊल टाकताच मला शिंका सुरू झाल्या. अण्णांच्या ठायी नम्रता नाही, आणि ती असावी असे त्यांना कधी वाटलेलेही नाही. “कोल्हापूरपासून हुबळीपर्यंत माझ्यासारखा ट्यूनर दुसरा न्हाय,” हे त्यांनी मला माझी तिसरी शिंक पुरी होण्याआधी सांगितले.

गाडी त्यांनी जमिनीत बसवलेल्या एका लोखंडी रुळावर चढवली आणि चारी बाजूंनी पट्ट्यांनी बांधली. मागचे चाक फिरते तेव्हा रूळ फिरतो आणि गाडीची ताकद पडद्यावर दिसते. मी म्हणालो, “अण्णा, आधीच सांगतो, ती खोकते.”

“निधान, सर, निधान.” कानडीत निधान म्हणजे सावकाश. त्यांनी चावी फिरवली, समोरचा दिवा लागला, अण्णांनी डोळे मिटून णमोकार मंत्र पुटपुटला आणि बटण दाबले. इंजिन पहिल्या दमात सुरू झाले. त्यांनी मूठ पिळली. वखारीचे पत्रे थरथरू लागले. बांधलेली गाडी जागच्या जागी, एक बोटभरही न हलता, शंभराच्या पुढच्या वेगाने धावत होती. तिचा धुराचा नळ लाल होत चालला होता, आणि आवाजात कुठे तसूभर खंड नव्हता. मी कानांवर हात ठेवून उभा होतो. वेग आणि स्थिती यांतला फरक मी दरवर्षी फळ्यावर समजावतो. तो असा गर्जना करतो हे मला माहीत नव्हते.

“कुठं खोकतीया?” अण्णा ओरडले. “गाडी लई गोड हाय. खोट असंल तर तुमच्या बेळगावच्या हवेत.”

मी गाडी घेऊन निघालो. इंजिन अण्णांनीच सुरू करून दिले होते. हमरस्त्यावर ती अशी चालली, की मला माझे वय आठवेना. संकेश्वरला चहासाठी थांबलो. चहा घेऊन आलो, गाडी सुरू केली, आणि ती खोकू लागली. वंटमुरीच्या घाटात दोनदा बंद पडली. एका उसाच्या ट्रॅक्टरने मला मागे टाकले आणि त्याच्या चालकाने हात हलवून निरोप दिला.

मी प्रामाणिक निष्कर्ष काढला: निपाणी ते संकेश्वर गाडी ठीक, संकेश्वरपासून पुढे बिघाड, बेळगाव निपाणीपेक्षा उंचावर आहे, म्हणजे विरळ हवेचा परिणाम असावा. हा निष्कर्ष सुबक होता. तो घेऊन मी गल्लीत शिरलो, तेव्हा मारुतीराव कट्ट्यावर बसले होते. मारुतीराव मूळचे खानापूरकडचे शेतकरी, नोकरीने बसचालक.

“काय सर, ढकलत?”

मी उंचीचा सिद्धान्त सांगितला. ते ऐकत राहिले, मग उठले, गाडीवर बसले, चावी फिरवली, दिवा लागल्यावर दोन्ही हात जोडून कपाळाला लावले, बटण दाबले, आणि टिळकवाडीच्या बाजूला अदृश्य झाले. परत आले तेव्हा त्यांचे केस मागे वळलेले होते.

“बेळगाव खाली आलं वाटतं, सर,” ते म्हणाले.

गल्लीत सल्ल्यांना वाण नव्हती. पेट्रोल सीमेपलीकडच्या कागलहून आणावे, कारण तिकडचे मराठी असते, असे एकाने सुचवले. शेजारच्या नागुबाईंनी, ज्यांच्या घरात अजून दोन माग खडखडतात, मला दारात थांबवून सांगितले, “मास्तर, आमच्या मामंजींनी मागाम्होरं दिवा लावून हात जोडल्याबिगर कधी धोटा हलविला न्हाय. यंत्र म्हंजे काय जनावर हाय व्हय, कुणीबी हाकावं? हातगुण लागतो.” धोटा इकडून तिकडे आपोआप जाण्याची कारणे मी त्यांना सांगू लागलो. त्यांनी सुपारी पुढे केली. सुपारी तोंडात असता कारणे सांगता येत नाहीत.

हातगुण हा शब्द गल्लीत त्या दिवशी पडला आणि मग उठला नाही. डॉक्टरला हातगुण असतो, लोणचे घालणाऱ्याला असतो, तसा तो गाडी सुरू करणाऱ्यालाही असतो आणि सरांना तो नाही, हे सर्वांना पटले. मला अनुभवाने ठाऊक आहे, की जी गोष्ट सर्वांना पटते तिच्यावर प्रयोग करावा. मी केला. माझे वजन, कपडे किंवा खिशातला मोबाइल संगणकाच्या कामात ढवळाढवळ करत असावा, असे धरून मी मारुतीरावांना माझा सदरा, माझी विजार, माझा चष्मा आणि माझा मोबाइल दिला. त्या वेषात ते गल्लीतून निघाले तेव्हा दोन विद्यार्थ्यांनी त्यांना नमस्कार केला. गाडी उत्तम चालली.

मग मी त्यांना गाडी सुरू करून उतरायला सांगितले आणि मी बसलो. ती चालली. मी आनंदाने ओरडलो. मग मी सुरू केली आणि ते बसले. ती खोकली. म्हणजे दोष माझ्या वजनात नव्हता, चालवण्यात नव्हता, विजारीत नव्हता. दोष मी सुरू करण्यात होता. विज्ञानाच्या सर्व पायऱ्या काळजीपूर्वक चढून मी नागुबाईंच्या दारात येऊन पोहोचलो होतो.

“हातगुण,” नागुबाई आतूनच म्हणाल्या.

आरोहीने ही सर्व हकिगत आपल्या मार्गदर्शक प्राध्यापकांना सांगितली. ते म्हणाले, “यंत्र माणसं ओळखायला लागलं तर तो प्रकल्प नव्हे, पाळीव प्राणी झाला. कारण शोधा, नाहीतर मी सही करणार नाही.” परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते. त्यांच्या हाताला गाडी चालेल की माझ्यासारखी खोकेल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

“ते देवभोळे हायत का, एवढं काढून घे की आरोही,” मारुतीराव म्हणाले. “असले तर काय काळजी न्हाय.”

“काका, असं कुणाला विचारतात का?”

“मी विचारतो. नंबर दे.”

आरोही हसली नाही. ती पायरीवर बसली होती आणि हाताला लागलेले वंगण जुन्या फडक्याने पुसत होती. केव्हाच निघून गेलेले वंगण. मला ते फडके पाहवेना. मी इतके प्रयोग केले होते, पण एक टाळला होता, आणि का टाळला होता हे मला पुरते माहीत होते. प्रयोग करणाऱ्याला उत्तराची भीती वाटू लागली की तो प्रयोग करणारा राहत नाही. मी पायांत चपला घातल्या.

“कुठं?” पूर्णिमाने विचारले.

“गाडीला नमस्कार करायला.”

ती पदराला हात पुसत बाहेर आली. “थांबा. नागूआक्कांना बोलावते. त्यांचा जन्म फुकट जाऊ नये.”

उन्हे उतरत होती. नागुबाई आल्या, मागावरचे दोघे आले, मारुतीराव कट्ट्यावरून उतरून अदबीने उभे राहिले. फाटकावरची माझीच पाटी माझ्या पाठीमागे होती. मी चावी फिरवली. दिवा लागला. त्या दिव्याला, विद्युतघटाच्या बारा व्होल्टवर जळणाऱ्या दिव्याला, मी हात जोडले. मग बटण दाबले.

इंजिन पहिल्या दमात सुरू झाले. मी मूठ पिळली. खोकला नाही. आवाज चढत गेला, भरत गेला, तो थेट श्रीपालअण्णांच्या वखारीतला आवाज होता. नागुबाईंनी गालावर हात ठेवला. माझ्या हातावरचे केस उभे राहिले होते, हे मी निरीक्षण म्हणून नोंदवतो. काही क्षण मला खरोखरच असे वाटले, की जे मी आयुष्यभर शिकवले त्याच्या पलीकडे काहीतरी उभे आहे आणि ते माझ्याकडे पाहत आहे.

मारुतीराव हलकेच म्हणाले, “सर, पाटी उतरवू?”

त्या प्रश्नाने मी भानावर आलो. एका प्रयोगाने काही सिद्ध होत नाही. मी गाडी बंद केली. पुन्हा चावी फिरवली, आणि हात न जोडता डावा कान सावकाश खाजवला. मग बटण दाबले. गाडी उत्तम चालली.

“कानाला हात लावला की हो,” नागुबाई म्हणाल्या. “चूक कबूल केल्यासारखंच झालं.”

हा आक्षेप योग्य होता. मी पुन्हा बंद केली. या वेळी आधी मनोभावे हात जोडले, डोळेसुद्धा मिटले, आणि मग नेहमी करतो तसे केले: डाव्या हाताने चावी आणि त्याच क्षणी उजव्या अंगठ्याने बटण. ही एका झटक्यात गाडी सुरू करण्याची माझी जुनी सवय आहे. वेळ वाया न घालवणारा माणूस म्हणून ती मी कौतुकाने जपली आहे.

गाडी खोकली.

आरोहीच्या हातातले फडके खाली पडले. “पप्पा. परत करा. तसंच.” ती धावत आत गेली, लॅपटॉप घेऊन आली आणि बैठकीखालच्या डबीला वायर जोडली. मी तसेच केले. ती खोकली. आरोही पडद्यावरचा एक आकडा पाहत होती. मग म्हणाली, “आता नमस्कार करून.” मी दिव्याला नमस्कार करून सुरू केली. आकडा बदलला. तिने माझ्याकडे पाहिले, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच हसली.

“पप्पा, तुम्ही चालू केली की गाडीला वाटतं आपण लडाखात आहे.”

तिने समजावले आणि मी खाली, फरशीवर बसलो. चावी फिरवल्यावर, इंजिन हलण्यापूर्वी, ही यंत्रणा हवेच्या वाटेवर बसवलेल्या एका लहानशा दाबमापकाने बाहेरच्या हवेचा दाब घेते. म्हणजे शहापुरावर, बेळगावावर, त्या घडीला वर शेवटपर्यंत जेवढे आकाश उभे आहे, तेवढ्याचे वजन ती अंगणात उभी राहून करते आणि मगच पेट्रोलचा पहिला थेंब ठरवते. रोज, प्रत्येक वेळी, कोणी न सांगता. घरात मोजल्याशिवाय विश्वास न ठेवणारा आपण एकटेच आहोत, असा माझा समज होता. अंगणात दुसरी होती, आणि तिला मोजू न देणारा मी होतो. संध्याकाळ होत आली होती. पूर्णिमाने ओसरीवरचा दिवा लावला आणि हात जोडले. मी त्या दिवशी पाऱ्याच्या वाफेविषयी काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. उंच, घाईतले गृहस्थ. त्यांनी एका हाताने चावी फिरवली आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने बटण दाबले, माझ्यासारखेच. मी कॉलेजच्या कुंपणाबाहेर, बोलणे ऐकू येईल इतक्या जवळ, मारुतीरावांसह उभा होतो, आणि मारुतीराव “देवभोळा न्हाय, मेलो” असे पुटपुटले. गाडी खोकली नाही. तिने काहीच केले नाही. परीक्षकांनी पुन्हा दाबले. या वेळी ती सुरू झाली, चढ चढून गेली आणि पलीकडच्या उताराचा आवाज आम्हाला ऐकू आला. परत आल्यावर त्यांनी आरोहीला विचारले, “पहिल्यांदा दाबलं तेव्हा उठली नाही. का?”

“सर, मी काल तसं बसवलंय. चावीनंतर थोडा वेळ बटण चालतच नाही.”

“कारण?”

मार्गदर्शक प्राध्यापक पेन हातात धरून वाट पाहत होते. आरोहीने सांगितले, आणि त्यांनी सही केली. तिचे शब्द मी जसेच्या तसे देतो:

“चावी फिरवल्याबरोबर गाडीचा संगणक बाहेरच्या हवेचा दाब मोजतो. त्याच क्षणी बटण दाबलं तर फिरणारं इंजिन आत हवा ओढतं आणि दाब खरा आहे त्यापेक्षा कमी दिसतो. मग आपण उंच डोंगरावर आहोत असं समजून संगणक पेट्रोल कमी देतो, आणि चावी काढेपर्यंत तेच खरं मानतो. जे लोक दिवा लागल्यावर हात जोडतात, किंवा माझ्यासारखे आधी दिवा नीट बघून घेतात, त्यांच्या हातून मधे थोडा वेळ जातो. माझ्या वडिलांच्या हातून जात नव्हता.”